लहान खोलीतल्या अलार्मला जे कळलं

या ग्रुपवर मी गेली दोन वर्षं फक्त वाचतो. वाचतो आणि हसतो. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढं तुम्ही मला हसलात तर आपली फिटंफाट. कुणाच्या आत्याला विहिरीवर बाई दिसते, कुणाच्या बंद टीव्हीतून आवाज येतो... आणि मी इकडे चहाचा कप धरून खाली कॉमेंट टाकतो, "बॅटरी उतरली असेल." तसल्या माझ्या कॉमेंट्स बऱ्याच जणांना आठवत असतील. त्या सगळ्यांची माफी मागतो. कारण आज जे लिहितोय त्यात बॅटरी फुल होती. तपासली. दोनदा.

तर, मी मानत नाही. आधीही नव्हतो मानत. नोकरीत असताना आमच्या कापड कंपनीच्या शेड नंबर तीनमध्ये काहीतरी आहे अशी बोंब होती. दुपारच्या सुट्टीत तिकडून घुरघुर ऐकू यायची, म्हणून कुणी जायचं नाही. मी डबा घेऊन मुद्दाम तिथं जेवायला गेलो. भूत सापडलं... ताग्यांच्या थप्पीमागं आमचे सुपरवायझर साहेब घोरत पडले होते. त्यांनी पुढचे सहा महिने मला नको नको त्या पाळ्या लावल्या. तेव्हापासून मी भुतांना भीत नाही, जिवंत माणसांना भितो.

आता जागा सांगतो. अमरावती, साईनगर. बावीस वर्षांपूर्वी बांधलेलं घर. हॉल, स्वयंपाकघर, आमची झोपायची खोली आणि तिला लागून एक लहान खोली. राहणारी माणसं दोन. मी, म्हणजे नांदगाव पेठच्या एमआयडीसीतून स्टोअरकीपर म्हणून रिटायर झालेला गृहस्थ, आणि माझी बायको शोभा. तिचं माहेर अकोल्याचं, डाबकी रोड. आम्हाला मूलबाळ नाही. अमरावती झालं, अकोला झालं, नागपूरही झालं. तिन्हीकडच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोघांतही काही दोष नाही. दोष असता तर बरं झालं असतं, निदान कुणावर तरी चिडता आलं असतं.

शोभाच्या नाकाबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. काय नाक होतं! मी बडनेऱ्याला भजी खाऊन, वर पान खाऊन, वर बडीशेप खाऊन घरी यायचो. फाटकाची कडी काढतो न काढतो तोच आतून आवाज, "किती प्लेटा?" दुकानात तूरडाळ हातात घेऊन हुंगायची आणि दुकानदाराला म्हणायची, "ही मागच्या सालची हाये, भाऊ." दुकानदार मुकाट्यानं दुसरं पोतं उघडायचा.

ते नाक कोरोनात गेलं. मलाही झाला होता, माझं पंधरा दिवसांत परत आलं. तिचं आलंच नाही. महिना, सहा महिने, वर्ष... नाही म्हणजे नाही. जेवण तिला कागद चावल्यासारखं लागायचं. पहिल्यांदा ती रडली, मग चिडली, मग गप्प झाली. गप्प झालेली शोभा मला घरात परवडत नाही हो. मी बोलतो, ती टोमणा मारते, यावर आमचा पस्तीस वर्षांचा संसार चालला आहे.

डॉक्टरांनी उपाय दिला. चार बाटल्यांत चार वास भरायचे, सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायचा आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब. मी स्वतः लेबलं लावली. शोभा इमाने इतबारे रोज बसायची. मी समोर बसून विचारायचो, "काही?" ती म्हणायची, "काही नाई." असं आठ महिने. आणि एक दिवस गुलाबाची बाटली हुंगून ती म्हणाली, "थोडासा आल्यासारखा वाटून राह्यला."

मला काय आनंद झाला! अकोल्याला तिच्या भावाला फोन, चांदूर रेल्वेला माझ्या बहिणीला फोन. चार-पाच दिवस रोज गुलाब 'थोडासा' येत होता. मग माझ्यातला गाढव जागा झाला. मी विचार केला, गंमत करू. गुलाबाच्या बाटलीतला कापूस काढला, बाटली धुतली, कोरडा कापूस घातला. संध्याकाळी तिनं हुंगलं, डोळे मिटले, आणि हसून म्हणाली, "आज जरा जास्त आला."

मी हसलो. मोठ्यानं. "अगं, त्यात काहीच नाही!"

तिनं बाटलीला झाकण लावलं आणि शांतपणे म्हणाली, "तुमी इतके खूश झाले होते... मग मी म्हणत गेली." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून बाटल्या कपाटात गेल्या त्या गेल्याच. आयुष्यात मी मूर्खपणाचे अनेक उद्योग केले आणि त्यातले बरेचसे रंगवून सांगतोही, पण हा आजवर कुणाला सांगितला नव्हता.

असो. अलार्मचं तिथून सुरू झालं. एकदा ती शेंगदाणे भाजत होती आणि दारावर कुणीतरी आलं म्हणून बाहेर गेली. बोलत बसली. मी आंघोळीला. बाहेर येऊन बघतो तो घरभर काळा धूर आणि ही पाठ फिरवून शेजारच्या इंगळेबाईंशी लग्नपत्रिकेवर चर्चा करते आहे! दाण्यांचा कोळसा झालेला. इंगळेबाईंना सर्दी, हिला वास नाही. दोघी आपापल्या जागी निर्धास्त. त्या दिवशी मी ठरवलं की घरात स्मोक अलार्म बसवायचे. तेही बॅटरीचे नाही, वायरिंगचे. कंपनीत मी ते पंचवीस वर्षं पाहिले होते. बॅटरीचा अलार्म कूं-कूं करायला लागला की माणूस सेल काढतो आणि नवा टाकायचं विसरतो. वायरिंगचा कसा, थेट मेन लाइनवर, लाइट गेली तर आतला बॅकअप, आणि सगळे एकमेकांना जोडलेले. एका खोलीत धूर झाला की चारी खोल्यांत बोंबलतात.

मला वाटायचं, यातलं मला सगळं कळतं. म्हणून मी दुकानात न जाता अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याला सांगितलं, "तिकडचे आण, तिकडे कायद्यानं लावावे लागतात, चांगले असतील." त्यानं चार आणले. मी मोठ्या ऐटीत स्टुलावर चढून पहिला जोडला आणि खाली उभ्या शोभाला म्हणालो, "कर स्विच चालू."

फट्ट! आणि धूर शोधणाऱ्या यंत्रातूनच धूर. अमेरिकेतली लाइन आपल्या निम्म्या व्होल्टची असते, हे स्टोअरकीपर साहेबांना स्टुलावर चढल्यावर आठवलं. जळक्या प्लास्टिकच्या वासानं माझे डोळे पाणावले. शोभा बरोबर त्याच्या खाली उभी होती. वर बघत म्हणाली, "अवो, हे तर सोताच पेटलं!" दोघंही हसलो. मग हसता हसता तिनं विचारलं, "लय वास येऊन राह्यला का?" मी म्हणालो, "खूप." तिनं खोल श्वास घेऊन पाहिला. आणि मान हलवून झाडू आणायला गेली.

मग शहाण्यासारखा राजापेठेतल्या दुकानात गेलो. दुकानदार पोरसवदा पण हुशार. म्हणाला, "काका, स्वयंपाकघरात धुराचा लावू नका. फोडणी टाकली की रोज बोंबलीन आणि एक दिवस तुमीच वैतागून काढून टाकसान. तिथं उष्णतेचा लावा. बाकी खोल्यांत धुराचा." आपल्याकडचे, दोनशे तीस व्होल्टचे, आत प्रकाशाचा किरण असलेले घेतले. धुराचे कण आत शिरले की किरण विखुरतो आणि अलार्म वाजतो. साधा हिशेब. त्याला नाक नसतं.

बसवायला शकीलभाई आले. आमचे जुने वायरमन, या घराची पहिली वायरिंगही त्यांचीच. अलार्म छताच्या मध्यभागी हवा आणि आपल्या छताच्या मध्यभागी पंखा, त्यामुळं प्रत्येक खोलीत अर्धा तास वाद. शेवटी पंख्यापासून लांब, भिंतीवरून पट्टीतून वायर नेऊन, मेन बोर्डातून वेगळी लाइन काढून काम झालं. हॉलमध्ये एक, झोपायच्या खोलीत एक, स्वयंपाकघरात उष्णतेचा. चौथा अलार्म हातात घेऊन शकीलभाई लहान खोलीच्या दारात उभे राहिले.

"भाऊ, इसमें कौन सोता?"

"कुणी नाही. गाद्या आणि लोणच्याच्या बरण्या."

"मग कायले लावता? जिन्यात लावू."

स्वयंपाकघरातून शोभा म्हणाली, "नाई. तिथंच लावा."

शकीलभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. पण मला माहीत होतं. घर बांधताना माझ्या सासूबाई अकोल्याहून आल्या होत्या. नकाशा वगैरे त्यांना समजत नव्हता, पण उघड्या विटांमध्ये फिरून त्यांनी या खोलीच्या जागी पाय रोवला. "हे बाळंतिणीची खोली. इथं वाऱ्याचा झोत नाई. इथं बाज, बाजेखाली शेगडी." सासूबाई डाबकी रोडवर बाळ-बाळंतिणीचं करणाऱ्या म्हणून ओळखल्या जायच्या. तेल लावणं, आंघोळ, शेक आणि शेवटी धुरी. गोवरीच्या निखाऱ्यावर ओवा, शेपा, वावडिंग, लसणाची सालपटं, चिमूटभर राळ. आणि त्यांची स्वतःची म्हणून एक गोष्ट, वाळवलेली संत्र्याची साल. त्यानं धूर बाळाच्या डोळ्याला झोंबत नाही असं त्या म्हणायच्या. शोभाचं सगळं लहानपण त्या धुरात गेलं. गल्लीतल्या शेकडो पोरांना सासूबाईंनी धुरी दिली. एकुलत्या एक लेकीच्या पोराला द्यायची राहिली. दर दिवाळीला त्या संत्र्याची साल वाळवून ठेवायच्या, आणि दर दिवाळीला आदल्या वर्षीची बदलायच्या. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. ती खोली कधी बाळंतिणीची झाली नाही. तिथं गाद्या आल्या.

म्हणून चौथा अलार्म तिथं लागला.

यानंतर पाच महिने काही झालं नाही. अलार्म कधी वाजले नाहीत. मीच दर पहिल्या तारखेला खराट्याच्या दांड्यानं टेस्टचं बटण दाबायचो आणि इंगळेकाका कुंपणावरून ओरडायचे, "जळून जा एकदाचे, पण हे बंद करा!"

पौष महिना होता. सकाळचे साडेअकरा. लख्ख ऊन. मी ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. स्वयंपाक होऊन गेलेला, गॅस बंद. शोभा आत कपड्यांच्या घड्या घालत होती.

आणि चारी अलार्म एकदम बोंबलायला लागले.

मी उठलो तो शेंगांच्या टोपल्यातच पाय. तुरीचे दाणे ओटाभर, त्यावरून घसरत आत. आधी स्वयंपाकघर... शेगडी थंड. हॉल, काही नाही. झोपायच्या खोलीत कपड्यांचा ढीग पलंगावर अर्धा घडी केलेला आणि शोभा नाही. मी हाक मारतोय आणि माझीच हाक मला ऐकू येत नाही इतका गोंगाट.

शोभा लहान खोलीच्या दारात उभी होती. एक हात चौकटीवर, डोळे मिटलेले. डोक्यावर अलार्म किंचाळतोय आणि हिनं कानांवर हातसुद्धा ठेवले नाहीत. आमच्या या अलार्ममध्ये अशी सोय आहे की वाजतात चारी, पण धूर ज्याला कळला त्याचाच लाल दिवा भराभर लुकलुकतो. या खोलीतल्या अलार्मचा दिवा भराभर लुकलुकत होता.

मी खोलीत पाहिलं. खिडकी बंद, आतून कडी. गाद्या. बरण्या. खिडकीतून उन्हाचा पट्टा सरळ आत आलेला. उन्हाच्या पट्ट्यात धूर असला तर दिसतोच की, धूळसुद्धा दिसते. काही नव्हतं. खराट्यानं अलार्मचं बटण दाबलं. आवाज थांबला. दिवा मात्र तसाच लुकलुकत राहिला.

"ओवा," शोभा म्हणाली.

"काय?"

"ओवा हाये. आन शेपा... थांबा, बोलू नका... लसूण. संत्र्याची साल." तिचा आवाज अगदी हळू होता, झोपलेलं कुणी जागं होईल म्हणून आपण बोलतो तसा. "आईची धुरी हाये हे."

मी श्वास घेतला. छाती भरून घेतला. माझं नाक शाबूत आहे हो, मला शेजारच्यांच्या कुकरमध्ये काय आहे ते कळतं. मला काय आलं? डांबरगोळ्या. जुना कापूस. लोणच्याचा मसाला. बस.

आणि खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार काय आला. ही पुन्हा माझ्यासाठी करते आहे. गुलाबाच्या वेळेसारखं. त्या विचारानं मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं... पण मग वर नजर गेली. अलार्म काही कुणाची मर्जी राखत नाही.

ती डोळे न उघडता म्हणाली, "तुमाले नाई येऊन राह्यला?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण या घरात वासाच्या बाबतीत एकदा खोटं होऊन गेलं होतं आणि ते मी फार वाईट पद्धतीनं उघडं पाडलं होतं. म्हणून म्हणालो, "नाही शोभा. मला नाही. पण त्या अलार्मला आला."

ती हसली. कितीतरी दिवसांनी तिला तसं हसताना पाहिलं. मग मला हातानंच गप्प केलं आणि उभी राहिली. मीही उभा राहिलो. बाहेरून इंगळेकाका विचारत होते, "अवो, खरंच लागली की टेस्टिंग?" ती हळूहळू श्वास घेत होती. गरम चहा पिताना माणूस घोट घोट घेतो, तसा. किती वेळ गेला, सांगता येत नाही. पाच-सात मिनिटं असतील. माझी मान वर दिव्याकडं, तिची खाली झुकलेली, डोळे मिटलेले.

"गेला," ती म्हणाली.

त्याच क्षणी दिव्याची लुकलुक थांबली. नेहमीसारखा, मिनिटातून एकदा डोळा मिचकावणारा शांत दिवा. तिला तो दिसत नव्हता. मला दिसत होता.

आता तुमचे प्रश्न मला पाठ आहेत, कारण तेच प्रश्न मीच दोन वर्षं इथं विचारत आलोय. शेजारी कुणी काही जाळत होतं का? दोन्हीकडच्या, मागच्या गल्लीतल्या सगळ्या घरी जाऊन विचारलं, नाही. वाफ? त्या खोलीत पाण्याचा नळसुद्धा नाही. किडा शिरला? धूळ? शकीलभाईंना बोलावलं. त्यांनी अलार्म उतरवला, उघडला, भिंग लावून पाहिला. आरशासारखा स्वच्छ. व्होल्टेज बरोबर, बॅकअप बरोबर. तरी खात्रीसाठी तो हॉलमध्ये लावला आणि हॉलमधला इकडं. तेव्हापासून दोन्ही मुके. उदबत्ती धरली की मात्र दोन्ही नीट वाजतात.

"पीस मध्ये काही फॉल्ट नाही, भाऊ," शकीलभाई स्टुलावरून उतरत म्हणाले. "मग कायले वाजला?"

मी टाळाटाळ करत होतो. शोभानं सरळ सांगून टाकलं. सगळं, ओव्यापासून. मला वाटलं, हसतील. शकीलभाई स्टुलावरच बसले. हातातला टेस्टर खिशात घालायचा विसरले. मग म्हणाले, "भाभी, एक बात बोलू? बुरा नको मानजा."

"बोला नं."

"माझ्या सुनेले पोरगी झाली, बावीस दिवस झाले. घरी आमची फुप्पी करायची हे धुनीचं, ते मागच्या साली गुजरली. सुनेची आई बिमार, ते येऊ नाही शकत. आजकालच्या पोरींना तर समजतच नाही किती टाकायचं. तुमी येता का?"

शोभा एकदम मागं सरकली. "मले? अवो शकीलभाई, मले वास येत नाई. जास्त झालं, कमी झालं, मले कसं समजीन? लहान जीव हाये तो."

"तुमी आईसोबत किती दिवस केलं?"

"लग्न होईस्तोर."

"मग हाताले तर माहीत असन ना."

तिनं स्वतःच्या हातांकडं पाहिलं. शकीलभाई गेल्यावर जेवण झालं, भांडी झाली, तरी गप्प. मी मुद्दाम छेडलं, "नको जाऊ. उगाच त्या पोरीला शिंका येतील." तर फणकारली, "तुमाले काय समजते त्यातलं? गप बसा." मला बरं वाटलं. टोमणा आला म्हणजे माणूस ताळ्यावर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला बाजारात पिटाळलं. ओवा, शेपा, वावडिंग, राळ. मी वावडिंगाऐवजी काळी मिरी घेऊन आलो, ती परत करायला लावली. संत्र्याची साल तिनं स्वतः गच्चीवर चार दिवस वाळवली, इंगळ्यांच्या मांजरीवर पहारा देत. आणि पाचव्या दिवशी शकीलभाई तिला स्कूटरवरून घेऊन गेले. मी फाटकात उभा होतो. पिशवी मांडीवर धरून ती अशी ताठ बसली होती, की शाळेच्या पहिल्या दिवशी निघालेली पोर वाटावी.

दीड तासानं परत आली. मी दार उघडलं.

आणि मला वास आला.

तिच्या पदराला होता, केसांना होता. सबंध दारात तो तिच्याबरोबर आत आला. मी बाजूलाच होऊ शकलो नाही. ती म्हणाली, "सरका ना, काय झालं?"

"वास," मी म्हणालो. "धुरीचा. तुझ्या लुगड्याला..."

तिनं पदर नाकाशी धरला. ओढून श्वास घेतला. नाही. तिला नाहीच. पदर खाली सोडून ती ओट्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "मग तुमी सांगा. कसा हाये?"

मी आयुष्यभर बोलत आलोय. लग्नात, मयतीत, युनियनच्या मीटिंगमध्ये, माझं तोंड बंद करायला लोकांना हात जोडावे लागतात. पण एक वास सांगायचा म्हटलं तर पहिली पाच मिनिटं मला काही सुचेना. मग सांगत गेलो. आधी ओवा येतो, तिखट, नाकाच्या वरच्या टोकाला. त्याच्या मागं लसणाचा, जळका पण बोचत नाही असा. राळ सगळ्यांवर झाकण घातल्यासारखी. आणि अगदी खाली, शोधावा लागतो इतका हळू, संत्र्याचा. गोडसर, थोडा करपलेला... उन्हात साल वाळत पडली असताना आपण जवळून जातो ना, तसा, पण तापलेला. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणायची, "हं." मध्येच दुरुस्त करायची, "तो लसूण नाई, तो वावडिंग असन." आणि ती बरोबर असायची.

माझं सांगून संपलं.

"बरोबर हाये सगळं," ती म्हणाली. "आईचं जसं होतं तसंच झालं म्हणजे. पण त्या दिवशी आपल्या खोलीत अजून एक होता."

"अजून एक काय?"

"वास. तो तुमी आत्ता नाई सांगितला. मी तवा बोलली नाई तुमाले." तिनं पदराची घडी सरळ केली. "दुधाचा. लहान लेकराच्या टाळूले येते ना, तेल लावून, अंग धुऊन, धुरी देऊन झाल्यावर... तसा. मी लोकांच्या लेकरांचा लय घेतला तो, आईच्या मागं मागं फिरून. हा तसाच होता. पण हा कोणाचा नव्हता. आपला होता."

समोर कुंपणापलीकडं इंगळेकाका पेपर वाचायचं नाटक करत आमच्याकडं बघत होते. मला पहिल्यांदाच त्यांच्याशी काही थट्टा करावीशी वाटली नाही. मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. तिच्या केसांतला धूर हळूहळू विरत होता, आणि माझं नाक होतं म्हणून तो जाताना मला कळत होता.

मंडळी, धुरानं त्या डबीतला किरण कसा विखुरतो ते मी तुम्हाला आकृती काढून समजावू शकतो. बाळाच्या टाळूचा वास तिथं काय करतो, आणि जे बाळ कधी झालंच नाही त्याच्या टाळूचा तर काय, हे मला माहीत नाही. शकीलभाईंना माहीत नाही. दुकानातल्या त्या हुशार पोराला सगळं सांगितलं, तो म्हणाला, "काका, बदलून देतो." मी म्हणालो, नको.

शोभाचं नाक परत आलेलं नाही. ती शकीलभाईंकडं त्या पोरीला सव्वा महिना होईपर्यंत जात होती. आता गल्लीतली आणखी एक बाई विचारून गेली आहे.

गेल्या रविवारी ती मला म्हणाली, "त्या गाद्या काढा तिथून." मी म्हणालो, "ठेवू कुठं? घरात जागा आहे का?" ती म्हणाली, "पलंगाखाली सारा, नाईतर देऊन टाका कोणाले. ते खोली मोकळी राहू द्या."

मी काढल्या. दोन फेऱ्यांत माझी कंबर धरली, तिसऱ्या फेरीला तिनं एक टोक उचललं. बरण्या स्वयंपाकघरात गेल्या. तिनं फरशी पुसली, खिडकीची कडी काढली, मग थोडा विचार करून पुन्हा लावली. वाऱ्याचा झोत नको म्हणून असेल.